दोनशे मीटरपर्यंत निर्धास्त

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने जवळपास ६०० किलोमीटर. नद्या म्हणाल तर कान्ह आणि सरस्वती अशा दोन आहेत, पण त्यांना नदी म्हणतात ते सरकारी फलकांवर. गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या नालाच म्हटलं आहे. प्यायचं पाणीसुद्धा ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून उपसून, विंध्याचा चढ चढवून आणावं लागतं. आणि अशा गावात मी निदान अर्धा डझन सभ्य गृहस्थ ओळखतो, ज्यांच्या मनगटावर २०० मीटर खोल पाण्यातही बिनघोर चालेल असं घड्याळ असतं.

हिशेब करून बघा. राजवाड्यासमोर उभं राहून सरळ खाली २०० मीटर गेलं, तरी माणूस समुद्रसपाटीच्या साडेतीनशे मीटर वरच राहतो. एवढ्या खोलीवर इंदुरात पाणी गाठायचा मार्ग एकच, बोअरवेल. आणि बोअरवेलच्या पाइपात घड्याळ मावेल, मालक मावणार नाही.

ह्या गृहस्थांचा छंद म्हणजे पाणबुड्यांची जुनी घड्याळं जमवणं. त्यांच्या भाषेत व्हिंटेज डायव्ह वॉच. साधारण १९५० ते १९८० च्या दरम्यान स्वित्झर्लंडात नाहीतर जपानात बनलेली, जाड काचेची, दणकट, तबकडीभोवती फिरती कडी असलेली. बनली पाणबुड्यांसाठी, पण पाणबुडे १९८० नंतर हळूहळू मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरकडे वळले आणि ही घड्याळं बेकार झाली. बेकार झाल्याबरोबर महागली. माणसांच्या बाबतीत असं कधी होत नाही.

ह्या मंडळींचा म्होरक्या माझा मावसभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दादा चार्टर्ड अकाउंटंट आहे. रामबागेत वाढला, आता वैशाली नगरात राहतो. दुसऱ्याच्या खर्चाच्या पावतीवर सही करताना तो जेवढा वेळ घेतो तेवढ्यात माणसाचं जेवण उरकतं. सरकारी बँकेच्या मुदत ठेवीपलीकडे त्याने आयुष्यात कुठलीही जोखीम घेतलेली नाही. आणि त्याच्या कपाटात, साड्यांच्या कप्प्याच्या मागे, एका स्टीलच्या डब्यात समुद्राच्या तळाशी जाऊ शकणारी घड्याळं आहेत. दादाला पोहता येत नाही.

रविवारी सकाळी ही मंडळी छप्पन दुकानांवर जमतात. इतर लोक भेटल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, हे मनगटाकडे बघतात. मग रुमाल अंथरला जातो, घड्याळं उतरतात, खिशातून भिंगं निघतात. पोहे येतात, त्यावर शेव, कांदा, जिरावन. पण इंदुरी माणूस पोह्यांसमोर जसा बेभान होतो तसे हे होत नाहीत. जिरावनाची पूड फिरत्या कडीच्या खाचेत शिरली तर ती काढायला काडीला कापूस गुंडाळून तासभर बसावं लागतं. जिलबीला तर फक्त उजवा हात लावायचा. आणि खाऊन झाल्यावर हात धुण्याचा सोहळा बघण्यालायक असतो. डावा हात पाठीमागे, लांब, सुरक्षित. उजवा एकटाच नळाखाली. बघणाऱ्याला वाटतं, डाव्या हाताला प्लास्टर आहे.

कारण असं आहे. घड्याळाच्या पोटात पाणी शिरू नये म्हणून मागच्या झाकणाला, काचेला आणि चावीला रबराच्या रिंगा असतात. कुकरच्या रिंगेचं जे होतं तेच पन्नास वर्षांत ह्या रिंगांचं होतं. त्या आधी कडक होतात, मग चिरतात. रिंगा बदलता येतात, शहाणे लोक बदलतातही. पण खाऱ्या पाण्याने खाल्लेली केस आणि झिजलेली चावी बदलली की घड्याळाची किंमत पडते, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. थोडक्यात, १९६७ साली जे घड्याळ ३०० मीटर खोल गेलं असतं ते आज वॉश बेसिनमध्ये बुडून मरतं. जितकं जुनं, जितकं अस्सल, तितकं पाण्याला भित्रं. वहिनींचं अकराशे रुपयांचं प्लास्टिकचं घड्याळ भांडी घासतं, मोलकरीण आली नाही तर धुणंही धुतं. दादाचं पाणबुडं घड्याळ मोरीच्या दाराशी थांबतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की ह्या छंदाला इंदूरइतकं योग्य गाव देशात दुसरं नाही. मुंबईत खारी हवा. कोकणात पावसाळ्यात चपलांना बुरशी येते तिथे तबकडीचं काय घ्या. माळव्याची हवा कोरडी, समुद्र लांब, नदी पाहण्यालायक नाही आणि लोकांना पोहण्याचं वेड नाही. पाणबुड्या घड्याळाला निवृत्तीनंतर आणखी काय हवं?

घड्याळांच्या जन्मकथा मात्र दादाच्या तोंडून ऐकाव्यात. कीर्तनकाराचा पूर्वरंग होतो तसा त्याचा मर्सिडीज ग्लाइट्झपासून होतो. १९२७ च्या ऑक्टोबरात ह्या लंडनच्या टंकलेखिकेने इंग्लिश खाडी पोहून पार केली. लोकांनी शंका काढल्या म्हणून बाई दोन आठवड्यांनी पुन्हा पाण्यात उतरली. ह्या वेळी सोबत रोलेक्सचं ऑयस्टर घड्याळ. पाणी इतकं गार की दहा-एक तासांनी तिला बाहेर ओढून काढावं लागलं. घड्याळ मात्र टिकटिकत होतं. महिनाभराने 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात झळकली आणि घड्याळाचं भलं झालं.

उत्तररंग १९५३ चा. ब्लांपां कंपनीचे प्रमुख झां-झाक फिश्तेर स्वतः हौशी पाणबुडे होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यापाशी एकदा खाली रमले, वेळेचं भान राहिलं नाही, टाकीतली हवा संपली आणि जेमतेम जिवानिशी वर आले. आपल्यापैकी कुणी असता तर सत्यनारायण घातला असता. त्यांनी घड्याळ काढलं. त्याच सुमाराला फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या पथकाचे मालूबिये आणि रिफो हे दोन अधिकारी असंच काहीतरी शोधत होते. त्यातून 'फिफ्टी फॅदम्स' जन्मलं. नावाप्रमाणे पन्नास वाव, म्हणजे ९१ मीटर. त्याच वर्षी रोलेक्सची सबमरिनर तयार झाली. १९५७ ला ओमेगाची सीमास्टर ३००. १९६५ ला जपानच्या सेकोचं पहिलं पाणबुडं घड्याळ, १५० मीटरचं. १९६७ ला डोक्साने नारिंगी तबकडी काढली, कारण म्हणे गढूळ पाण्यात ती चांगली दिसते. हे ऐकल्यावर मी दादाला म्हटलं, मग कान्हमध्ये बघू या एकदा. त्या दिवशी मला त्याने दुसरा चहा विचारला नाही.

ह्या सगळ्यांत अक्कल आहे ती फिरत्या कडीत. पाण्यात उतरताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग काटा कडीवर किती पुढे सरकला ते बघितलं की आपण किती मिनिटं खाली आहोत ते कळतं. नंतरच्या घड्याळांत ही कडी एकाच बाजूला फिरते, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. खडकाला धक्का लागून ती सरकलीच, तर जास्त वेळ झाल्याचं दाखवेल, कमी झाल्याचं कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, पण मरणार नाही. दादा हे सांगतो तेव्हा त्याचा आवाज जड होतो. हिशेबात चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला व्हावी, ह्यापेक्षा सुंदर विचार चार्टर्ड अकाउंटंटला कोण ऐकवणार?

इंदुरात ह्या कडीला कामाची वाण पडलेली नाही. तिच्यावर बाफले शिजवले जातात. शिकवणीला सोडलेल्या नातवंडांना आणायची वेळ तिच्यावर लागते. पण तिचा खरा उपयोग मराठी कार्यक्रमांत. आमच्या गावात मराठी माणसं कमी होत चालली असं दर वर्षी व्यासपीठावरून सांगितलं जातं, आणि ते सांगायला बराच वेळ घेतला जातो. पाहुण्यांचा परिचय करून देणारे गृहस्थ "मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे" म्हणाले की सभागृहात तीन-चार ठिकाणी कडी फिरल्याची बारीक कटकट ऐकू येते. एकदा ते दोन शब्द काट्याने कडीची पूर्ण फेरी मारली तरी संपले नव्हते. पाणबुडा केव्हाच मेला असता; पाहुणे टिकून होते.

१९६० च्या जानेवारीत त्रियेस्त नावाची पाणबुडी जगातल्या सर्वांत खोल जागी, मारियाना गर्तेत, जवळजवळ ११ किलोमीटर खाली गेली. तिच्या बाहेरच्या अंगाला रोलेक्सने खास बनवलेलं एक घड्याळ बांधलं होतं. वर आल्यावर ते चालू होतं. १९६२ मध्ये शॉन कॉनरीने 'डॉक्टर नो'मध्ये जेम्स बाँड म्हणून सबमरिनर घातली, आणि ज्यांना पाण्यात उतरायचंच नव्हतं अशा जगभरच्या पुरुषांना समजलं की आपल्याला हेच हवं होतं. मला वाटतं छंदाची खरी सुरुवात तिथे आहे. पाणबुड्याला घड्याळ लागतं. आपल्याला पाणबुडा दिसणं लागतं. १९६७ मध्ये तर रोलेक्सने घड्याळाला हेलियम बाहेर सोडायची झडप बसवली. तेल कंपन्यांचे पाणबुडे दिवसेंदिवस दाबाच्या कोठडीत राहत, तिथला हेलियम घड्याळात शिरे, आणि दाब उतरवताना काच टप्पकन उडून जाई. त्यावर हा उपाय. आमच्या रविवारच्या मंडळींत एका सराफाकडे अशी झडप असलेलं घड्याळ आहे. गॅसचे फुगे विकणारा माणूस राजवाड्यापाशी उभा असतो, इंदुरात हेलियमचा धोका असलाच तर त्याच्यापासून. सराफ त्याच्याजवळून जाताना किंचित ताठ चालतो.

अंधारात वेळ दिसावी म्हणून ह्या घड्याळांच्या काट्यांना चमकणारा लेप असतो. आपल्याकडे तो सरसकट 'रेडियम', मग आत काहीही असो. पन्नासच्या दशकात खरंच रेडियम असे, साठीनंतर त्याची जागा ट्रिटियमने घेतली. ट्रिटियमचा जोर साधारण बारा वर्षांत निम्मा होतो. म्हणजे १९६८ चं घड्याळ आज अंधारात आंधळं. दिसत नाही, पण लेप पिवळट पडतो. आणि तो छान, एकसारखा पिवळा पडला असेल तर भाव वाढतो. काळी तबकडी उन्हाने तपकिरी झाली की तिला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि भाव आणखी वाढतो. कडीचा काळा रंग उडून राखाडी झाला की 'घोस्ट', भाव पुन्हा वर. मी दादाला विचारलं की मग आमच्या गच्चीवर दोन वर्षं ठेवलं तर? तो म्हणाला, "ते आपोआप व्हावं लागतं." साधनेत आणि छंदात हेच एक समान आहे, मुद्दाम केलेलं चालत नाही.

आपल्या घरांत ही समुद्राची हवा फार आधी शिरली होती, आपल्या लक्षात आलं नाही. फॅव्हर-ल्यूबा ही १७३७ सालातली स्विस कंपनी १८६५ च्या सुमारास हिंदुस्थानात आली आणि मुंबईत रुजली. आपल्या आजोबांच्या पिढीत नोकरी लागली, लग्न ठरलं, की 'फेवर ल्युबा' घ्यायचं. आणि त्यातल्या खपाऊ घड्याळांची नावं काय, तर सी चीफ आणि सी किंग! समुद्राचा सरदार, समुद्राचा राजा. ह्याच कंपनीने साठच्या दशकात खोली मोजणारं बाथी घड्याळ काढलं, पाण्याच्या दाबावरून काट्याने मीटर दाखवणारं. पण ते पाणबुड्यांचं. आपल्या वाट्याला आले ते बारीक, साधे, रोज चावी द्यायचे समुद्रराजे. रोमर कंपनीचं 'अँफिबियो' होतं, जमीन आणि पाणी दोन्हीकडे चालणारं. ते घालणारे आमच्याकडचे लोक सकाळी आठला घरून गिरणीत आणि संध्याकाळी गिरणीतून घरी, इतकेच चालत.

परदेशी मालावर बंधनं आली तेव्हा हीच घड्याळं समुद्रातून येऊ लागली. दुबईकडून गलबतं निघत, पश्चिम किनाऱ्यावर रात्री माल उतरे. सोन्याखालोखाल मनगटी घड्याळांचा नंबर असे. म्हणजे बिचाऱ्या समुद्रराजाने आयुष्यात एकदा समुद्र पाहिला, तोही गोणपाटातून. पुढे मुंबईत कुणाच्या तरी आतेभावाच्या ओळखीने पोत्यातून इंदूर. 'फॉरेनचं आहे' हे वाक्य तेव्हा हळू आवाजात बोलत आणि मनगट मात्र मोठ्याने हलवत. ज्या यशवंतराव होळकरांनी तिशीच्या दशकात माणिकबाग महालात युरोपातून निवडक फर्निचर आणि ब्रांकुशीची शिल्पं आणवली, त्याच माणिकबागेत पुढे कस्टम्स आणि एक्साइजचं कार्यालय थाटलं. विदेशी वस्तूंचा इतका मनापासून विचार त्या महालात सतत कुणी ना कुणी करत आलं आहे.

सरकारनेही मग उत्तर काढलं. १९६१ मध्ये बंगलोरला, जपानच्या सिटिझनच्या मदतीने, एचएमटीची घड्याळं निघाली. नावं बघा: जनता, जवान, पायलट, कांचन. शेतात, सीमेवर, आकाशात, लग्नमंडपात. पाण्याकडे कल नव्हता. २०१६ मध्ये सरकारने तो कारखाना बंद करायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच घड्याळांना छंदिष्ट सापडले. त्या मंडळींशी आमच्या पाणबुड्यांचं फारसं पटत नाही. पायलटवाले इंदुरात निदान विमानतळ आहे असं ऐकवतात.

दादाच्या सासऱ्यांचं असंच एक सी चीफ होतं. ते कापडगिरणीत टाइमकीपर होते. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, घड्याळ पस्तीस वर्षं लोखंडी पेटीत राहिलं. दादाची त्याच्यावर नजर होती, पण मागण्यात जावईपणा आड येई. शेवटी त्याच्या साठीला वहिनींनी ते त्याला भेट दिलं. आणि नुसतं नाही दिलं. आधी कुणाकडून तरी 'नवं' करून आणलं.

इथे 'मुंबई स्पेशल' म्हणजे काय ते सांगायला हवं. जुन्या घड्याळाची डागाळलेली तबकडी पुसून तिच्यावर नवा रंग मारायचा, अक्षरं पुन्हा छापायची, केस घासून आरसा करायची, काटे ज्या घड्याळाचे सापडतील त्याचे लावायचे. ह्या कलेसाठी मुंबई जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहे. हे दोन शब्द लंडनचा माणूसही दात-ओठ खात उच्चारतो. मुंबईच्या कारागिराचा ह्यात दोष नाही. त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला घड्याळ घालायचं असतं, जतन करायचं नसतं.

तर सासऱ्यांचं सी चीफ डब्यातून निघालं ते मोरपंखी. तबकडी मोरपंखी, सेकंदकाटा लाल, अक्षरं सोनेरी. आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाभोवती. दादा बघत राहिला.

"ओळखू आलं का?" वहिनी.

"नाही," दादा म्हणाला, आणि ते खरं होतं.

"बाबांचं! केवढं काळं पडलं होतं. सगळ्या तबकडीवर तपकिरी डाग."

तपकिरी हा शब्द ऐकून दादाने डोळे मिटले. नंतर, पाहुणे गेल्यावर, त्याने वहिनींना पॅटिना म्हणजे काय, मूळपण म्हणजे काय, हे शांतपणे समजावून सांगायचा प्रयत्न केला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघा, बाबांना जुनाट दिसणारं घड्याळ मुळीच आवडायचं नाही. दर दिवाळीला ते पॉलिश करून घ्यायचे. हे बघितलं असतं तर खूश झाले असते." ह्यावर दादाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. मूळ मालकालाच मूळपण नको असेल तर संग्राहकाने कुणाची बाजू घ्यावी? ते मोरपंखी घड्याळ दादा आता रोज ऑफिसला घालतो. ते पाण्यात चालतं की नाही ह्याची त्याला फिकीर नसते, त्यामुळे हात अगदी कोपरापर्यंत धुतो.

दुरुस्तीसाठी मंडळींचा एक ठरलेला घड्याळजी आहे. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली, काचेच्या पेटीमागे. वय सत्तरीपुढे. डोळ्याला भिंग असं बसलेलं की ते काढलं तर चेहरा अपुरा वाटावा. गांधी हॉलच्या मनोऱ्यावरचं चार तोंडांचं घड्याळ १९०४ च्या त्या इमारतीला 'घंटाघर' हे नाव देऊन बसलंय. ह्या घड्याळजींचं म्हणणं असं की गावात भरवशाचं एक ते आणि एक मी, आणि त्यातलं ते कधी कधी बंद असतं. दादाने एकदा त्यांच्याकडे सेकोचं जुनं घड्याळ नेलं, 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये मार्टिन शीनच्या हातात दिसतं त्या जातीचं. सगळ्या रिंगा नव्या हव्या होत्या, दाबाची चाचणीही हवी होती. घड्याळजींनी मशीन बघितलं, झाकण बघितलं आणि विचारलं,

"भिया, पानी में ले के जाओगे?"

"नहीं, नहीं."

"बारिश में?"

"नहीं."

"तो फिर रिंग कायको डलवा रिये हो?"

दादाने समजावलं की घड्याळ पाण्यात नेता येईल अशी खात्री असणं वेगळं आणि नेणं वेगळं. घड्याळजींनी थोडा विचार केला. "समझ गया," ते म्हणाले. "मेरे पास भी पासपोर्ट है." माझ्या माहितीत ह्या छंदाची इतकी नेमकी व्याख्या कुणी केलेली नाही.

पाण्याचे प्रसंग इंदुरात येतच नाहीत असंही नाही. दोन येतात. एक ओंकारेश्वरला किंवा महेश्वरला, नर्मदेच्या घाटावर. तिथे डुबकी मारायची पद्धत पक्की आहे: आधी घड्याळ काढायचं, ते शर्टात गुंडाळायचं, शर्ट चपलांवर ठेवायचा, चपलांपाशी आत्याबाईंना बसवायचं, मग पाण्यात. दरवर्षी आत्याबाई तीन-तीन पाणबुडी घड्याळं मांडीवर घेऊन काठावर बसतात आणि मंडळी घड्याळाशिवाय बुडतात. किती वेळ खाली होतो ते कुणालाच कळत नाही. दुसरा प्रसंग रंगपंचमीची गेर. राजवाड्याभोवती लाखो लोक, टँकरच्या टँकर रंगीत पाणी, मोटारींवरच्या यंत्रांतून चार-चार मजले उंच उडणारे फवारे. वर्षातून एकदा संपूर्ण इंदूर पाण्याखाली जातं, आणि वर्षातून त्याच दिवशी ही सगळी घड्याळं बँकेच्या लॉकरमध्ये असतात.

ह्या घड्याळांची खरेदी मात्र रात्रीची. युरोपातले लिलाव आपल्याकडे रात्री उशिरा संपतात. सराफ्यात खाऊगल्ली रंगात असते त्या वेळी दादा अंधारात फोन धरून बसलेला असतो. शेवटच्या पाच मिनिटांत तो देव पाण्यात घालतो. देवच, घड्याळ नाही.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या भाचीचं लग्न झालं. गुरुजी उज्जैनचे, हौशी, सगळं शास्त्रोक्त करणारे. मोबाइलवर मुहूर्ताची वेळ सेकंदासकट दिसत असताना त्यांनी पिशवीतून घटिकापात्र काढलं. तांब्याची लहानशी वाटी, तळाला बारीक छिद्र. पाण्याच्या घंगाळात सोडली की छिद्रातून पाणी आत येत राहतं आणि २४ मिनिटांनी वाटी बुडते. ती एक घटिका. दिवस-रात्रीत साठ. भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका ह्याच पात्राची. तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, छिद्र बुजलं, वाटी बुडलीच नाही आणि मुहूर्त टळला. पाण्यामुळे घड्याळं बिघडतात. ते एकच घड्याळ पाणी न शिरल्यामुळे बिघडलं.

वऱ्हाडी मंडळी आइस्क्रीमकडे वळली होती. दादा आणि सराफ मात्र घंगाळावर ओणवे. वाटी हळूहळू खाली चालली होती. मी म्हटलं, "दादा, हे बघ. काच नाही, रबराची रिंग नाही, हेलियमची झडप नाही. आणि खरोखर पाण्यात जाणारं."

दादाने ऐकलं नाही. त्याने खिशातून भिंग काढलं होतं. "गुरुजी, किती जुनं?"

"आमच्या पणजोबांपासूनचं."

"म्हणजे शंभराच्या वर सहज," सराफ कुजबुजला. वाटी बुडाली, अक्षता उडाल्या, बँड सुरू झाला. सगळे नवरा-नवरीकडे बघत होते. दादाने बाही कोपरापर्यंत सारली, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि घंगाळात हात घालून वाटी अलगद वर काढली. मग ती दिव्याखाली धरून तिरपी केली. ती लखलखत होती. डाग नाही, काळपटपणा नाही, शंभर वर्षांचा एक ओरखडा नाही.

"गुरुजी," दादाचा आवाज बारीक झाला, "हिला पॉलिश केलंय का?"

"तर काय!" गुरुजी म्हणाले. "प्रत्येक लग्नाच्या आदल्या रात्री चिंच लावून घासतो. पणजोबाही घासायचे."

सराफाने दादाला खुर्ची आणून दिली.